पाटीवरचा पासवर्ड

प्राणिसंग्रहालयाच्या तिकीट-खिडकीवर बसणाऱ्या ताईंना त्यांच्या माघारी सगळे 'तोफ' म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. खिडकीला काच होती, काचेला बोलण्यासाठी बारीक भोकं होती, पण ती गिऱ्हाइकांच्या सोयीची. ताईंचा आवाज काचेसकट पलीकडे जायचा. "सुट्टे काढून ठेवा!" असं त्या म्हणाल्या की रांगेतली पोरंबाळं आईबापाला चिकटत आणि आतली माकडं क्षणभर गप्प होत.

त्या या खिडकीत आल्या तेव्हा तिकिटं कागदी होती. टराटरा फाडायची, द्यायची, विषय संपला. मग संगणक आला. तिकिटं त्यावर गेली, वर्षभराच्या सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर त्यावर गेले. मुलांच्या वाढदिवसाच्या तारखासुद्धा गेल्या, कारण वाढदिवसाला मुलाला फुकट प्रवेश, अशी साहेबांची कल्पना. कल्पना साहेबांच्या, टायपिंग ताईंचं.

साहेब म्हणजे संग्रहालयाचे संचालक. माणूस तसा वाईट नाही. इस्त्रीचे कपडे, हसरा चेहरा, आणि वरून काहीही विचारणा आली की आधी 'होय' म्हणून मोकळं व्हायची सवय.

संगणक हळूहळू जागोजागी बसले. खिडकीवर, चाऱ्याच्या कोठीत, प्राण्यांच्या दवाखान्यात, सापांच्या घरात, साहेबांच्या केबिनमध्ये. लॉगिन मात्र सगळ्यांना मिळून एकच, आणि तेही ताईंच्या नावाचं. ताईंनी एकदा सोडून दहादा विचारलं होतं.

"साहेब, सगळ्यांना वेगवेगळं करून द्या ना. उद्या कुणी काही घोळ घातला तर माझ्या नावावर यायचा."

"अहो ताई, कंपनी माणशी पैसे लावते. आणि आपण सगळे एकाच घरचे ना?"

एकाच घरचे! ताई तेव्हा हसल्या होत्या. पुढं हे वाक्य आठवलं की त्यांची कानशिलं तापत.

पुढची गोष्ट मात्र ताईंची स्वतःची, आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही. संगणकाच्या कंपनीनं नियम पाठवले होते. पासवर्ड दर महिन्याला बदला. त्यात अक्षरं हवीत, आकडे हवेत. आणि तो कुठंही लिहून ठेवू नका. आता दर महिन्याला नवा शब्द काढायचा, तो कोठीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात बसवायचा आणि लिहायचा मात्र नाही! सगळे हात टेकून बसले. ताईंनी एक दिवस संग्रहालयाला चक्कर मारली आणि परत येऊन टेबलावर थाप दिली.

प्रत्येक पिंजऱ्यावर पाटी होती. पाटीवर प्राण्याचं नाव आणि जन्मसाल. नावं मुलांच्या स्पर्धेतून ठेवलेली, त्यामुळे पाणघोड्याचं नाव 'नाजूक' आणि कासवाचं 'घाईघाई'. ताई म्हणाल्या, नाव आणि पुढं जन्मसाल, झाला पासवर्ड. अक्षरं आली, आकडे आले. महिना संपला की पुढचा पिंजरा. विसरला कुणी, तर जाऊन पाटी वाचून यावी.

"पण ताई, लिहून ठेवायचा नाही म्हणतात," कोठीवाला म्हणाला.

"आपण कुठं लिहिलाय? पेंटरनं लिहिलाय!"

साहेबांनी तर टाळी दिली. "ताई, तुम्ही माझ्या जागी हव्यात," म्हणाले. तेव्हापासून संग्रहालयात नवीच रीत पडली. महिन्याच्या सुरुवातीला कुणाचा संगणक अडला की तो जिथं असेल तिथून हाक मारायचा, "ताई, आता कोण?" आणि ताई खिडकीत बसून, पुढं माणसांची ही रांग असताना, जागेवरून उत्तर द्यायच्या, "साळिंदर!" साळिंदराच्या पिंजऱ्यापर्यंत उत्तर पोचायचं. रांगेतल्या लोकांना वाटायचं, साळिंदराला औषध द्यायचं असेल.

दरवर्षी विश्वस्तांकडून सुरक्षेची प्रश्नावली यायची. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं का? होय. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे का? होय. साहेबांचं पेन 'होय' या शब्दाला इतकं सरावलं होतं, की 'संग्रहालयात आजवर चोरी झाली आहे का?' याच्यापुढंही एकदा होय लिहून झालं आणि मग खोडलं. प्रशिक्षण म्हणजे जेवणाच्या खोलीत लावलेलं कुलपाचं एक चित्र. त्याच्या खिळ्याला सगळे डबे अडकवत.

आणि मग खरोखरच चोरी झाली. एका सकाळी ताईंनी संगणक उघडला, तर आत सगळं रिकामं. सभासदांची माहिती कुणीतरी बाहेरून उचलून नेली होती. ताईंच्या नावानं आत शिरून, त्या महिन्याच्या पाणघोड्याचा पासवर्ड टाकून. चोराला कुलूप फोडावं लागलं नाही. रांगेत उभं राहून ताईंचं उत्तर ऐकणं आणि तिकीट काढून आतली पाटी वाचणं, एवढेच त्याचे कष्ट.

सभासदांना फोन यायला लागले. एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन खिडकीशी आल्या. "माझ्या मुलीचं नाव घेऊन बोलला तो माणूस. वाढदिवस कधी तेही सांगितलं. शाळेतून बोलतोय म्हणाला. मी खरं मानलं हो!" त्या बाई भांडल्या नाहीत, रडल्या. भांडल्या असत्या तर ताईंना सोपं गेलं असतं. त्या दिवशी खिडकीतून आवाज असा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत फळ्यावर सूचना लागली. 'तिकीट-खिडकीवरील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या प्रकाराबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.' खिडकीवर कर्मचारी एकच. नाव तेवढं लिहायचं शिल्लक ठेवलं होतं. ताईंना खिडकीवरून उठवून खेळण्यांच्या दुकानात बसवलं, कापडी जिराफांच्या माना सरळ करायला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "विश्वस्तांची बैठक आहे, तपासणीला बाहेरचा माणूस येतोय. तुम्ही फक्त उभं राहून म्हणायचं, चूक माझी एकटीची. मग तुमची नोकरी वाचवणं माझ्याकडं लागलं. नाहीतर तुमचा करार पुढं चालवणं माझ्या हातात राहणार नाही."

"एकटीची?"

"शब्दाला काय धरून बसता, ताई?"

घरी नवऱ्यानं शिवणयंत्रावरून मान वर न करता ऐकून घेतलं. शिंपीकाम करणारा शांत माणूस. "दोन वाक्यं बोलून टाक आणि मोकळी हो. या वयात दुसरी नोकरी कोण देणार?"

"माझी चूक मी म्हणेन की! ओरडत होते मीच, पाट्या माझ्याच डोक्यातून आल्या. पण सगळ्यांना एका लॉगिनवर कुणी बसवलं? सगळ्याला होय होय कुणी लिहिलं? ते पण माझ्याच पदरात घालून घेऊ?"

"मग नको म्हणूस."

"आणि नोकरी?"

"ते मला विचारू नकोस. मी सरळ शिवण घालतोय तेवढी घालू दे."

चीड यावी अशी खरी गोष्ट तर पुढंच आहे. चोरीनंतर कंपनीनं पासवर्ड बदलून दिला. वेगवेगळी लॉगिन घ्या, असंही बजावलं. साहेबांनी पैशांचा विचार केला आणि स्वतःच्या डोक्यानं एक सुधारणा काढली. पिंजरे तेच, पाट्या त्याच, फक्त आता क्रम उलट्या बाजूनं! बाहेर पडायच्या फाटकापासून आत. आणि हे सांभाळायचं कुणी? ताईंनीच, दुसऱ्या कुणाला पाठ नव्हतं. खेळण्यांच्या दुकानात फोन वाजायचा, "ताई, आता कोण?" पासवर्डपायी ज्या बाईची लाज काढली, तिलाच पासवर्ड विचारायचा! ताई एकदा सांगायच्या, दुसऱ्यांदा फोन आपटायच्या.

बैठकीच्या दिवशी त्या भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या. अंगावर ठेवणीतली साडी, तोंडात 'चूक माझी' हे दोन शब्द घोळवलेले. तिसरा शब्द अजून ठरत नव्हता. लांब टेबलाशी विश्वस्त, मधोमध अध्यक्षबाई, एका टोकाला तपासणीवाला, कमी बोलणारा आणि सारखा लिहिणारा. साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. मथळा होता, 'घेतलेले उपाय'. पहिलाच उपाय, प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन.

ताईंनी ते नीट वाचलं.

साहेब रंगात आले. विश्वास म्हणजे काय, संस्था म्हणजे काय, यावर बरंच बोलले. इतकं, की वाट बघून बघून संगणकानं आपणहून कुलूप लावून घेतलं. पडदा काळा. पासवर्ड टाका, असा चौकोन. साहेबांनी एक टाकला, चुकला. दुसरा टाकला, तोही चुकला. महिना नुकताच पालटला होता. साहेबांनी कपाळ पुसलं आणि हात जसा सवयीनं चष्म्याकडं जातो तसे ते भिंतीकडं वळले.

"ताई, आता कोण?"

कोठीवाला पाण्याचे पेले ठेवत होता, त्याचा हात तिथंच थांबला. दवाखान्याच्या डॉक्टरांनी डोळे मिटले. साहेबांना आपण काय बोललो ते सगळ्यांच्या नंतर कळलं.

ताईंना उत्तर येत होतं. एक शब्द टाकला असता तर पडदा उघडला असता, साहेब वाचले असते आणि कदाचित करारही. त्या उभ्या राहिल्या.

"तुमचं लॉगिन स्वतंत्र आहे ना, साहेब? पडद्यावर आत्ताच तर वाचलं. मग तुमचा पासवर्ड मला कसा ठाऊक असणार?"

"कोण म्हणजे कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मग ताईंनी सांगितलं. पाट्यांची युक्ती आपली, रांगेसमोर ओरडणंही आपलंच, त्या मुलीच्या आईपुढं आपल्याला तोंड नाही, हे पहिल्यांदा. वेगळं लॉगिन किती वेळा मागितलं ते नंतर. उलट्या क्रमाची सुधारणा सगळ्यात शेवटी. आवाज नेहमीसारखाच, त्यामुळे बाहेरच्या माळ्यालाही सगळं ऐकू गेलं.

"माझ्या वाटणीचं मी बोलले," त्या म्हणाल्या. "साहेबांच्या वाटणीचं बोलायला ते स्वतः बसलेत."

साहेब म्हणाले, "थोडा गैरसमज झालाय."

"गैरसमज?" तपासणीवाला बैठकीत पहिल्यांदाच बोलला. "मग पासवर्ड टाकून दाखवा."

साहेबांनी टाकला नाही. बैठक पुढं बराच वेळ चालली. ताईंचा करार चालू राहील आणि लॉगिन खरोखर वेगवेगळी होतील, असं ठरलं. साहेब साहेबच राहिले. त्यांना 'समज' देण्यात आली, म्हणजे चहा पाजून दोन गोष्टी सांगितल्या.

काही दिवसांत ज्याचं त्याचं लॉगिन ज्याला त्याला मिळालं. त्या सकाळी ताई खिडकीवर परतल्या, तर फळ्यावरची जुनी सूचना गेली होती आणि नवी लागली होती. 'तांत्रिक कारणांमुळे झालेल्या प्रकाराबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.' ताईंनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि डबा खिळ्याला न अडकवता तशाच केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, हा तांत्रिक कोण?"

"मिटलं ना आता सगळं, ताई?"

"माझी होती तेव्हा चूक निष्काळजीपणाची. तुमची निघाली तेव्हा लगेच तांत्रिक झाली? ती सूचना बदलेपर्यंत मी खिडकीत बसत नाही."

"अहो, बाहेर रांग लागलीय!"

"तुमच्याकडं लॉगिन आहे की. स्वतंत्र."

साहेबांना वाटलं, बाई ऐकेल. ताई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. शेवटी साहेब स्वतः जाऊन खिडकीत बसले आणि ताई मागोमाग जाऊन त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. सुट्टे कुठं असतात ते सापडेना, लहान मुलांचं तिकीट कुठल्या बटणावर तेही माहीत नाही. रांगेत एक म्हातारे सभासद होते. त्यांनी ओळखपत्र काचेला लावलं आणि विचारलं, "आमचे नंबर गेले ते कुणामुळं हो? सापडला का तो?"

साहेबांनी ताईंकडं पाहिलं. ताईंनी मान हलवली नाही, एक शब्द पुरवला नाही.

"तांत्रिक..." साहेबांनी सुरुवात केली.

"म्हणजे कुणामुळं?" म्हातारे म्हणाले.

"माझ्यामुळं," साहेब काचेच्या भोकांशी वाकून म्हणाले. "म्हणजे, माझ्यामुळं आणि यांच्यामुळं."

ताईंचा राग गेला नाही. फळ्यावर तेच आजच्या आज लिहून लागलं पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथं साहेबांना सांगितलं, आणि संध्याकाळी ते लागलंही. पण बाहेर रांग फाटकापर्यंत गेली होती आणि साहेब अजून पहिल्याच तिकिटावर होते.

"सरका, साहेब," ताई म्हणाल्या आणि खुर्ची ओढली.