जिजीचा चौथा दिवस

जिजीच्या हातात तांब्या आला की बोलणं बंद व्हायचं. आपलं; तिचं नाही. माझ्या माहेरी, शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत, बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे तिचं काम. पण लेकीसुना बाहेर बसल्या की चौथ्या दिवशी त्यांच्या डोक्यावर पाणी घालायलाही तीच यायची. पहिला तांब्या ओतायच्या आधी हुकूम सुटायचा, "उजवा हात वर, डोक्यामागं. डाव्या हातानं छाती चाचप. मग दुसरी बाजू."

मी तेव्हा तेरा वर्षांची, तिसरीतून शाळा सुटलेली, लग्न ठरलेली. लाजून भिंतीकडं तोंड केलं तर म्हणाली, "काहून बाई, पीठ मळताना खडा लागला तर समजतो ना? मग हे तर अपनंच अंग आहे. शरम कसली?" चिमटीत धरलं की हातावर चापट बसायची. तीन बोटं सपाट ठेवायची, गोल फिरवत काखेपर्यंत जायचं. "दर महिन्याला सारखं लागलं तर देवाला हात जोड. नवं काही लागलं तर डॉक्टरणीकडं जा. सासूला विचारत बसू नको."

हे ती कुठं शिकली, ते तिनं एकदाच सांगितलं. तिच्या धाकट्या बहिणीच्या थानात गाठ झाली होती. बहिणीनं ती वर्षभर पदराखाली लपवली. जनाना दवाखान्यातली गोरी डॉक्टरीण म्हणाली, लवकर आणली असती तर काढता आली असती. मग जिजीचाच हात धरून तिनं गाठ कशी शोधायची ते दाखवलं. बहिणीची राख राजघाटावर तापीत सोडली आणि त्याच महिन्यापासून जिजीनं गल्लीतल्या नहाण्यांत हे शिकवायला सुरुवात केली. आई कुरकुरली, "पोरींना भलतंसलतं शिकवतेस." जिजी म्हणाली, "वैनी, मग दुसरी शोधा." दुसरी कुठं मिळणार होती?

लग्नानंतर मी खरगपूरला आले. यजमान रेल्वेत. इथली बोली कळेना, जीव सारखा घाबरा. पण चौथ्या दिवशी हात आपोआप डोक्यामागं जायचा.

तिशी ओलांडल्यावर एका उन्हाळ्यात माहेरी गेले, तर जिजी खाटेवर. तिच्याच छातीत गाठ, दगडासारखी, आता कापण्यापलीकडे गेलेली.

"पाळी थांबली तसा चौथा दिवसही थांबला ना गं," ती म्हणाली. "मला वाटलं, पीडा गेली. सगळ्या गल्लीला सांगत फिरले, अन् माझाच हात उचलायचा राहिला."

मी रडायला लागले तर खेकसली, "रडशील मागून. आधी सांग, तुझी पाळी जाईल तेव्हा कोणता दिवस धरशील?"

"संकष्टी," मी म्हणाले.

"उपास मोडत नाहीस ना? मग हेही मोडायचं नाही." माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. पावसाळ्यात आईचं कार्ड आलं, जिजी गेली.

माझी पाळी थांबून आता दोन वर्षं होतील. गेल्या श्रावणातल्या संकष्टीला डावीकडं, काखेजवळ, हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. यजमानांना सांगितलं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरणीनं गाठ काढली. म्हणाली, "इतनी छोटी लेकर कोई नहीं आती. किसने सिखाया?"

"हमारी जिजी ने," मी म्हणाले.

उद्या संकष्टी आहे. टाक्यांच्या रेघेभोवतीही चाचपायचं असतं, आणि दुसरी बाजू आहेच. पाणी तापत ठेवलं की अजून भीती वाटते. तरी हात वर जातोच.