तीन ग्लास पाणी

चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला लघवी धरायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. म्हणून प्रोस्टेटच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरल्यावर टेक्निशियन मुलीने बजावलं, "काका, रोज आधी तीन ग्लास पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं," तेव्हा निवृत्त ड्रायव्हरसाहेब नुसते हसले.

सोळाव्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्याच पँट ओली झाली. नळाचं पाणी उडालं, असं त्यांनी बरोबर आलेल्या बायकोला सांगितलं. ती "हं" म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावत, बायकोची नजर टाळत ते घरी आले. कॅन्सर कळला त्या दिवशीही त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

सतराव्या दिवशी त्यांनी एक ग्लास पाणी प्यायलं आणि उरलेले दोन ग्लास कोपऱ्यातल्या कुंडीत ओतले. झाड प्लास्टिकचं होतं, हे ओतल्यावर लक्षात आलं.

किरणं सोडण्याआधी मशीन रोज पोटाचा फोटो काढायचं. प्रोस्टेट ग्रंथीत खुणेसाठी बसवलेले सोन्याचे तीन कण जागेवर आहेत ना, मूत्राशय भरलंय ना, हे बघूनच पुढचं बटण दाबायचं, असा त्या मुलीचा शिरस्ता होता. आज बटण न दाबताच ती आत आली.

"काका, पाणी किती प्यालात?"

"तीन ग्लास."

"फोटोत दिसत नाहीये."

"मग मशीन बिघडलं असेल."

"मशीन ठीक आहे. मूत्राशय रिकामं असलं की आतडं खाली सरकतं आणि किरणं त्याला लागतात. असं मी देणार नाही."

काकांचं पितळ उघडं पडलं. ते छताकडे बघत म्हणाले, "काल बाहेर झाली होती. परत झाली तर?"

"तर पुसू. इथे रोज कुणाची तरी होते. आतडं भाजलं तर ते पुसता येत नाही."

ते बाहेर जाऊन दोन ग्लास प्यायले आणि पाऊण तास दात आवळून बसले. दुसरा फोटो जुळला, किरणं झाली. मग वयाला न शोभणाऱ्या वेगाने ते संडासात पोहोचले, वेळेत. कोरडे बाहेर आले तर दाराशी बायको उभी होती, हातात इस्त्री केलेली पँट.

"ही कशाला?"

"असू द्यावी. पहिल्या दिवसापासून आणतेय."

"मग काल का नाही दिलीस?"

"काल तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता," ती म्हणाली.