ब्रेक ऑइल बदललंस ना?

माझ्या बाबांनी तीस वर्षं टेम्पो चालवला. भिवंडीत कापडाचे तागे भरायचे आणि कधी कल्याण, कधी मुंबई, कधी थेट सुरत. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून दुसऱ्या गाडीला साधा ओरखडा गेला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. आई सांगायची, आणि ती सांगत असताना ते बरोबर ऐकू येईल एवढ्या अंतरावर काहीतरी काम काढून उभे राहायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याशी जे वागले त्याचं वजन त्याशिवाय कळणार नाही.

गाडी माझ्या नावावर आहे. मी इथल्या एका गोदामात डिस्पॅच बघते. ड्युटीच्या वेळा विचित्र, त्या वेळेला टेमघरला घरी यायला रिक्षा मिळायची मारामार, म्हणून एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली. घेताना बाबा बरोबर होते. बॉनेट उघडून त्यांनी इथे बोट लाव, तिथे वास घे असं सगळं केलं, आणि घरी येताना मला एकच गोष्ट बजावली. "बाकी काय पन विसर. ब्रेक ऑइल दर दोन वर्सांनी बदली कर. गाडी चालो नायतर उभी राहो. आपल्याकडची हवा दमट हाय."

मी हो हो म्हटलं. पटलं मात्र नव्हतं. आमच्या गल्लीत मी कापडाच्या लूमच्या खडखडाटात अभ्यास करून मोठी झाले. लूमला तेल देतात. सुकला की देतात, करकरला की देतात. जुनं तेल काढून टाकलं आणि नवं भरलं, असं करताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. तेल कमी झालं की घालायचं, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि हे ब्रेक ऑइल तर कमीही होत नव्हतं. त्या पांढऱ्या डबीवर दोन रेघा असतात, त्यांच्या मध्ये ते आपलं निवांत बसलेलं असायचं.

निजामपुऱ्यात आमचे एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. दोन वर्षं झाल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, ब्रेक ऑइल काला पड गया है. बदलून टाका."

"फुल आहे ना?" मी विचारलं.

"फुल है, मगर पुराना है."

त्यासाठी गाडी अर्धा दिवस ठेवावी लागणार होती. मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढची वेळ वर्षभराने, पावसाळ्याच्या तोंडावर आली. या वेळी त्यांनी पेनसारखं एक यंत्र त्या डबीत बुडवलं. त्याचा लाल दिवा लागला. "यात पाणी हाय ताई," ते म्हणाले.

मला हसू आलं. बंद डबीत पाणी कुठून येणार? मी तसं बोललेही. चाचांनी हात पुसत विचारलं, "घरात मिठाची बरणी बंदच असते ना? पावसाळ्यात क्या होता है उसका?"

कुणी असं बोलण्यात पकडलं की मला राग येतो. हा माणूस उगाच काम काढतोय, अशी मी मनाची समजूत करून घेतली. "पुढच्या महिन्यात आणते," म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले. पुढच्या महिन्यात गेले नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. विसरले असंही म्हणता येत नाही, कारण मला आठवत होतं. दर वेळी आठवायचं आणि मी कानाडोळा करायची.

त्याच वर्षी हिवाळ्यात नाशिकला एका नात्यातलं लग्न होतं. परतताना गाडीत आम्ही पाच जण होतो. बाबा चालवत होते, शेजारी आई, मागे मी, भाऊ आणि वहिनी. डिकी आहेराच्या पिशव्यांनी भरलेली. घाट आला की गाडी बाबांनीच चालवायची हा आमच्याकडचा नियमच होता. ते दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरत होते, पण पुढे ट्रकची रांग लागली होती. दहा हात पुढे जायचं, थांबायचं. पुन्हा दहा हात. उतार संपत आला तरी त्यांचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

मग रांग मोकळी झाली, गाडीने थोडा वेग घेतला, पुढचा ट्रक पुन्हा थांबला आणि बाबा एकदम म्हणाले, "पेडल खाली गेला."

त्यांनी भराभर पेडल मारलं. काही नाही. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डावीकडे रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग होता त्यात गाडी घातली. हे सगळं घडायला मला सांगायला लागतोय तेवढाही वेळ लागला नाही. समोर ट्रक होता, उजवीकडे गाड्या होत्या, आणि त्यांनी नेमका तो ढीग निवडला. आईने पट्टा लावलेला होता, पण तिने घाबरून समोर हात टेकला आणि मनगट मोडलं. बाकी कुणाला काही झालं नाही.

आई रडत होती. भाऊ ओरडत होता, "बाबा, बघून चालवायचं ना!" बाबा उतरले. बॉनेट उघडून त्यांनी डबी पाहिली. "ऑइल फुल हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ब्रेक ऑइल बदललंस ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई मनगट धरून बसली होती.

"हो बाबा," मी म्हणाले. आणि तेवढ्याने भागेना म्हणून पुढे जोडलं, "पावसाळ्याच्या आधीच बदललं."

बाबांनी मान हलवली. मग खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. "मंग माझाच पाय घसरला असंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजवाल्याने पुढचा बंपर सरळ केला आणि ब्रेक तपासले. ब्रेक एकदम घट्ट. भावाने स्वतः चालवून पाहिली, जागच्या जागी थांबली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. गाडीत दोष नव्हता म्हणजे माझा दोष नव्हता. मी खोटं बोलले होते खरी, पण त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. असं मी दोन आठवडे मानत होते.

त्या दोन आठवड्यांत घरात निकाल लागून गेला. भाऊ म्हणाला, "आता बाबांच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही." आई त्यांच्याशी तुटक बोलायला लागली, हाताला प्लास्टर असल्याने प्रत्येक कामाला तिला त्या घाटाची आठवण व्हायची. बाबांना डॉक्टरांकडे नेलं. मीच नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, साखर तपासायला सांगितली, मग पायाच्या बोटांना सुई टोचून दर वेळी विचारलं, "कळतंय का?" बाबा डोळे मिटून शहाण्या विद्यार्थ्यासारखे म्हणत होते, "कळतंय. कळतंय. कळतंय."

साखर ठीक निघाली. पाय ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. पण भावाने त्यातला "वयाच्या मानाने" एवढाच शब्द उचलला.

मग गाडीचं फुटलेलं हेडलाइट बदलायला मी निजामपुऱ्यात गेले. चाचांनी काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. माझ्या बाजूने शेवटी जोडलंही, की ब्रेक तर दुसऱ्या दिवशी चांगले होते. चाचांचा हात थांबला.

"थंड झाल्यावर पेडल वापस आलं ना? येणारच. ब्रेक गरम होतो, ऑइलमधलं पाणी उकळतं, वाफ होते. ऑइल दबत नाही ताई, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ दबते. पाय सगळा खाली जातो आणि चाकाला काहीच पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी. कोई सबूत नहीं रहता." मग त्यांनी हळूच विचारलं, "वालिद चला रहे थे?"

हो, बाबाच चालवत होते, असं मी म्हटलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना," असं त्यांनी एका शब्दानेही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

एवढं कळल्यावर तरी मी घरी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रोज ठरवायची, आज जेवताना सांगू. जेवताना आई असायची. मग झोपताना सांगू. झोपताना वाटायचं, उगाच त्यांची झोप कशाला उडवा. मला माझ्या भेकडपणाला दुसऱ्याची काळजी असं नाव द्यायची सवय आहे. महिना असाच गेला.

एका दुपारी मी ड्युटीवरून लवकर आले. दार उघडंच होतं. बाबा हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, अनवाणी. उजवा पाय उचलून ते फरशीवर दाबत होते. उचलायचा, थोडा डावीकडे न्यायचा, दाबायचा. मग खाली वाकून पाय कुठे पडला ते बघायचं. फरशीवर त्यांनी खडूने एक लहान चौकोन काढला होता. दर वेळी पाय बरोबर चौकोनात पडत होता, आणि दर वेळी ते पुन्हा करून बघत होते.

मी दारातूनच म्हणाले, "बाबा, ऑइल मी बदललं नव्हतं."

त्यांना आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. चाचांनी दोनदा सांगितलं होतं तेही, लाल दिवाही, वाफही. ते ऐकत राहिले. रागावले नाहीत. राग आला असता तर मला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. त्यांनी पायाने तो खडूचा चौकोन पुसला आणि एवढंच म्हणाले, "मी तुझं ऐकलं. माझ्या पायाचं न्हाय ऐकलं."

मी रडले. त्याने त्यांना काही फरक पडला असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर निजामपुऱ्यात आले. ऑइल बदलताना एकाने आत बसून पेडल दाबायचं असतं आणि दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा नट सैल करून जुनं ऑइल आणि त्यातली हवा बाहेर काढायची असते. चाचांनी बाबांनाच आत बसवलं. खालून आवाज यायचा, "दाबा. धरून ठेवा. सोडा." चारही चाकांना असंच. बाटलीत पडलेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं. मला वाटलं होतं बाबा ते मला दाखवतील. त्यांनी पाहिलं आणि नजर वळवली.

घरी येऊन त्यांनी मला फोन पुढे केला. "तुझ्या भावाला सांग. स्पीकरवर ठेव."

आईला मी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, ती उठून आत गेली होती. मग भावाला फोनवर सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असू दे गं, होतं असं. पण तसंही वय झालंच आहे ना त्यांचं. गाडी नकोच आता."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. "तू घाटातच सांगायला पायजे होतंस," ते म्हणाले. "तिथं सगळ्यांनी ऐकलं असतं. आता त्यांचं ठरून गेलंय." थोड्या वेळाने ते आतून एक कागद घेऊन आले. लायसनची मुदत संपत आली होती, नवं करायचा फॉर्म होता. त्यावर डॉक्टरांचा दाखला लागतो. "चल माझ्यासंगं," ते म्हणाले. "आन् तू बोल."

डॉक्टरांनी फॉर्म पाहून चष्म्यातून बाबांकडे पाहिलं. "मागच्या महिन्यात पाय चुकतो म्हणून आला होतात ना?"

बाबा माझ्याकडे बघत बसले.

"पाय चुकत नव्हता, डॉक्टर," मी म्हणाले. "मी खोटं बोलले होते." ते म्हणाले, म्हणजे? मग मला पांढऱ्या डबीपासून सगळं सांगावं लागलं. बाहेरच्या बाकावर दोन पेशंट होते, पडदा पातळ होता, त्यांनीही ऐकलं असणार. डॉक्टरांनी पाय पुन्हा तपासला आणि सही केली.

बाहेर आल्यावर बाबांनी चावीसाठी हात पुढे केला. मी दिली. भर दुपारच्या रिक्षांच्या गर्दीतून त्यांनी गाडी काढली, कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. पण प्रत्येक ठिकाणी थांबण्याआधी ते ब्रेक एकदा हलकाच दाबून बघत होते, लागतोय का. लागतोय याची खात्री झाली की मग खरा दाबायचे. घर येईपर्यंत तसंच. लहानपणी मी त्यांच्या टेम्पोत त्यांच्या शेजारी बसून कितीतरी वेळा गेले आहे. तेव्हा ते असं करत नसत.