वृंदाच्या आवाजातल्या मॅडम

‘मनापासून बोला, पण शुद्ध बोला,’ असं म्हणत आमच्या मॅडम तर्जनीने हवेत एक अनुस्वार द्यायच्या. अशा मॅडम तुम्हीही पाहिल्या असतील. मूळच्या अकोल्याकडच्या, पण बोलण्यात अकोला कधी डोकावू दिला नाही. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. चारचौघांत उभं राहायला त्यांनीच शिकवलं, हे उपकार आहेतच. तोंड मात्र त्यांच्या परवानगीने उघडायचं.

अमरावतीच्या बी.एड. कॉलेजात त्यांनी उपक्रम काढला. प्रत्येकाने फोटो आणि स्वतःचा आवाज जोडून मोबाइलवर ‘मी कोण?’ ही छोटी फिल्म करायची आणि सरावाच्या पाठात शाळेतल्या मुलांना दाखवायची.

चांदूर बाजारच्या शाहीनने सांगितलं, ‘‘माहे अब्बा गाद्या भरतेत. घरात कापूस उडते अन् आमी समदे खोकलत राह्यतो.’’

मॅडमनी कपाळाला हात लावला. ‘‘अगं, वेदना कुठाय?’’

वेदना त्यांनी घातली. ‘माझे वडील कापसात आयुष्य पिंजतात.’ सोबत बासरी आणि वाळलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा, फोटो. शाहीनच्या घरी शेत-वावर नव्हतं, पण ते वर्षच दुष्काळाचं होतं. पऱ्हाटी सगळ्यांच्याच फिल्ममध्ये वाळली. शाहीनचा उच्चार सुधारेना, म्हणून आवाज वृंदाचा, आमच्या वर्गातल्या सर्वांत शुद्ध बोलणारीचा. मग एकेक करत आम्हा सगळ्यांनाच वृंदाचा आवाज लागला. वर्गात ‘मी’ पुष्कळ, घसा एकच.

शाहीनच्या पाठाला मॅडम मागच्या बाकावर बसल्या. फिल्म सुरू झाली तसा एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, हे कोन बोलून राह्यलं?’’

शाहीनने आवाज बंद केला आणि स्वतः सांगू लागली. खोकल्यापाशी मुलं हसली. मग एक मुलगी उठली, ‘‘बाई, माही माय संत्र्याच्या पेट्या भरते. आमच्या घरी गोधडीलेबी संत्र्याचा वास येते.’’ तास संपला तरी हात खाली येईनात.

मॅडमनी गुण कापले. कारण, भाषाशुद्धी.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजने त्यांच्यावर फिल्म केली. आवाज अर्थातच वृंदाचा. ‘मी एक ज्ञानयात्री...’ बासरी वाजत होती. शाहीन आणि मी त्यांच्या मागच्याच रांगेत होतो. मॅडम खुर्चीत चुळबुळल्या आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, ‘‘काहून वं, माह्या आवाजाले काय झालतं?’’

शाहीन उठली. मंचावरचा माइक आणून तिने त्यांच्यापुढे धरला. ‘‘मॅडम, तुमीच बोला नं.’’

मॅडमनी माइककडे पाहिलं. घसा साफ केला. तर्जनी उचलली. आणि अतिशय शुद्ध मराठीत सर्वांचे आभार मानून त्या निघून गेल्या.