पेशींची दारं

ओल्या दर्भाचा वास आला की दशाश्वमेध घाटावरची ती सकाळ आठवते. बाबा तिथे यजमानांची श्राद्धं करतात. विधी चालू असताना आसन सोडता येत नाही आणि त्यांना तर सारखी लघवी लागे, म्हणून ते पहाटेपासून पाणीच पीत नसत. मला दिसत होतं, पण मुलीने वडिलांना विचारायचं कसं? त्या सकाळी ते दर्भ निवडत होते. मी वही उघडली आणि चाचरत म्हटलं, "बाबा, माझा पाठ ऐका ना. मूत्राशयाच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरलं की स्नायू आवळतो. दारं अवेळी उघडली तर माणसाला सारखं जावं लागतं. त्या दारांवर औषधं शोधताहेत." बाबांनी मान वर केली नाही. "म्हणजे यात माणसाचा दोष नाही?" "नाही, बाबा." दर्भाची जुडी बांधत ते म्हणाले, "आपल्या घरात दार नीट लावायची सवय कुणालाच नाही. चल, उद्या डॉक्टरांना दाखवून येऊ." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अजून पुष्कळ शिकायचंय. पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यापासून बाबांच्या आसनाशेजारी प्यायच्या पाण्याचा तांब्या असतो, आणि तो भरताना मी त्या पाठाचे मनोमन आभार मानते.