स्कार्फच्या आतलं तोंड

लग्नाच्या वयात मी एकदा धुण्याच्या सोड्यानं तोंड धुतलं. हे कबूल करायला मला म्हातारं व्हावं लागलं. त्याआधी कुणी विचारलं असतं, तर मी सगळं धाकट्या बहिणीवर ढकलून मोकळी झाले असते.

माझं माहेर धनजचं. स्थळाकडे पाठवायला फोटो पाहिजे म्हणून बाबांनी मला कारंज्याच्या स्टुडिओत नेलं. काळा-पांढरा फोटो. तो हाती आला तेव्हा त्यात साडी होती, वेणी होती, आणि नाकाच्या जागी एक पांढरा डाग होता. तोंड इतकं तेलकट, की दिव्याचा उजेड पडला आणि नाक उडूनच गेलं. काकूनं फोटो उन्हात धरून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "व माय, पोरगी कुठी हाये याच्यात? मले तं निरा बल्बच दिसून राह्यला."

दुसऱ्यांदा फोटो काढायचं ठरलं. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची. मी विचार केला, चुलीजवळचं तेलकट फडकं सोड्याच्या पाण्यात टाकलं की कसं लख्ख निघतं. मग नाकानंच काय घोडं मारलं? मूठभर सोडा ओला केला आणि नाक, गाल, हनुवटी, जे हाती लागेल ते घासत सुटले. आधी थंड वाटलं. मग मी अंगणातल्या रांजणात डोकं घातलं, ते आईनं वेणी धरून ओढेपर्यंत बाहेर काढलं नाही.

गाल सोललेल्या टमाट्यासारखे झाले. पण त्या काळच्या फोटोत लाल रंग येत नव्हता, हे माझं नशीब. नाक कोरडं ठणठणीत आलं. तो फोटो पाहून आमच्या ह्यांनी होकार दिला. लग्नाच्या आत कातडी भरून आली, तेलही परत आलं. बिचाऱ्यांनी पसंत केलं कोरडं नाक आणि संसार केला तेलकट नाकाबरोबर.

आता सुरकुत्या पडल्या, दात हलायला लागले, गुडघे तर केव्हाच गेले. तेल मात्र आटलं नाही. ते नातीकडे गेलं.

मुलगा आणि सून पुण्याकडे कामाला असतात. नात इथं शिरपूरला आम्हा दोघांजवळ राहून वाशीमला डी.एड. करते. रंग तिच्या आईचा, उंची आजोबांची, आणि नाक सगळं माझं. कपाळ दुपारपर्यंत चकाकायला लागतं, नाकावर काळे ठिपके दाटलेले, हनुवटीवर बारीक बारीक फोड. इकडच्या पोरी उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, फक्त डोळे तेवढे उघडे. ऊन उतरलं की सगळ्या जणी सोडतात. हिचा सुटेचना. वर्गात बसली की स्कार्फऐवजी मास्क. घरी पाहुणे आले की ही आतल्या खोलीत, आणि ताट मी नेऊन द्यायचं. दिवसभराचा घाम आणि तेल त्या कापडाखाली शिजत राहायचं, आणि ते लपवायला पुन्हा तेच कापड.

पावसाळ्यात कॉलेजनं तिला जवळच्या गावातल्या शाळेवर सरावाचे पाठ घ्यायला पाठवलं. एक दिवस संध्याकाळी घरी आली ती पिशवी बाजेवर आदळूनच.

"आजी, मी उद्यापासून शाळेत जात नाई."

"कायले वं? पोट्टे मारतात काय तुले?"

"सर म्हणले, पयलीच्या लेकराइले मास्क काढून शिकवा. त्याइले बोलणाऱ्याचे ओठ दिसले पायजेत, तवाच अक्षर समजते म्हणे."

"मंग काढ ना. त्यात काय हाये?"

तिनं स्कार्फची गाठ आणखी आवळली. मग हळूच म्हणाली, "पन्नास लेकरं हे तोंड पाहतीन. त्यापेक्षा डी.एड. सोडून देते मी."

मी थट्टेत काहीतरी बोलणार होते. पण तिचा आवाज थट्टा करण्यासारखा नव्हता. पोरगी लहानपणापासून भिंतीला खडूनं शिकवत आली आहे. आमच्या ओसरीवरच्या कोंबड्यांनासुद्धा तिनं पाढे शिकवले आहेत. ती एका नाकापायी शाळा सोडायला निघाली होती.

तिच्या खोलीतली फळी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. फोनमध्ये पाहून पाहून आणलेल्या डब्या, लिंबाची सालं, खरखरीत रव्यासारखं काहीतरी, नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या. एक काळा लेप होता, तो वाळला की सालासारखा ओढून काढायचा. ओढताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती म्हणायची, निघून राह्यलं. दर आठवड्याला नवीन काहीतरी. ती आरशासमोर नाक घासत होती आणि मला रांजण दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वाशीमला गेले. कातडीची डॉक्टरीण तरुण होती, पण तिच्यापुढे माझी नातच सुकलेली दिसत होती. उजेडाचं भिंग लावून तिनं नाक, कपाळ, हनुवटी सगळं पाहिलं आणि फळीवरच्या सगळ्या सामानाला एका दमात सुट्टी दिली. घासायचं नाही, दाबायचं नाही, ओढायचं नाही. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, वर हलकं क्रीम, कारण तेलकट कातडीलाही ओल लागते. सकाळी उन्हासाठीचं क्रीम. रात्री तुरीच्या दाण्याएवढं एक जेल. स्कार्फ बांधायचा तर रोज धुतलेला.

"छिद्रं बंद केव्हा होतील?" नातीनं विचारलं.

"ती काही दारं नाहीत, लावून घ्यायला," डॉक्टरीण म्हणाली. "स्वच्छ राहतील, बारीक दिसतील. दोन-तीन महिने धीर धरावा लागेल. आणि डोक्याला एवढं तेल कोण लावतं?"

मी छताचा पंखा पाहायला लागले. नातीनं माझ्याकडे बोट केलं.

दर शनिवारी संध्याकाळी मी तिचं डोकं चोपडून द्यायची, तेल कपाळावर ओघळेपर्यंत. तशीच ती झोपायची. ते बंद करायचं, किंवा न्हायच्या आधी थोडंसं, तेही कपाळापासून दूर, असं ठरलं. मी मान हलवली. खरं सांगते, जीव थोडा हिरमुसला. आठवड्यात तेवढाच वेळ ती फोन बाजूला ठेवून माझ्या हाताखाली गप्प बसायची.

नातीनं सरांशी बोलून तोवर चौथीचा वर्ग मागून घेतला. तिथं मास्क चालला. पण दिवाळीनंतर पहिलीवर एक पाठ घ्यावाच लागणार होता, तो काही सुटणारा नव्हता.

आठवडा जेमतेम झाला असेल, पोरगी कंटाळली. "काहीच फरक नाई, आजी." फोनचा कॅमेरा नाकाला लावून, मोठं करून करून पाहायची. मी म्हटलं, आण इकडे, माझंही नाक पाहू. तिनं माझ्या नाकाचा फोटो काढला. अरे देवा! त्यात ज्वारी पेरता आली असती. दोघी हसलो, आणि त्या हसण्यात मी बोलून बसले, "चाल, तू धुशीन तं मी बी धुईन." दुसरं काय करणार? समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी न्हाणीत दोन तोंडं. नळ केव्हा येईल याचा इथं भरवसा नाही, म्हणून धुतलेलं पाणी घमेल्यात धरून वांग्याच्या झाडांना. आमचे हे बाजेवरून पाहायचे.

"काय वं, म्हातारपणी कोणाले दाखवाचं हाये हे तोंड?"

"तुमालेच," मी म्हटलं. "पयल्या खेपेले फसले तुमी. आता नीट पाहून घ्या."

गंमत चार दिवसांची. मग उरलं ते काम. रोज तिचा स्कार्फ धुवा, दोन दिवसांनी उशीची खोळ धुवा, ती विसरली की आठवण करा, आठवण केली की तिचं तोंड वाकडं पाहा. गुडघे दुखायचे तेव्हा वाटायचं, तिला हाक न मारता गपचूप पडून राहावं. बाईच्या जन्मात भांडी असतात, कपडे असतात. तोंडही असं रोज घासायचं भांडं होऊन बसेल, असं वाटलं नव्हतं. तेव्हाची मी बरी, एका मुठीत निकाल लावू पाहणारी. मूर्ख होती, पण थकली नव्हती.

जेलनं आधी कातडी कोरडी पडली, नाकाच्या बाजूला सालं निघाली. डॉक्टरिणीला फोन केला, तर ती म्हणाली, एक दिवसाआड लावा, सोडू नका. नातीनं ते ऐकलं आणि ट्यूब अंगणात भिरकावली.

"तुह्यावरच गेली मी! सारेच म्हणतात. तुह्यामुयंच झालं हे सारं!"

"हो," मी म्हटलं. "नाकासंगं जीभ बी माह्यीच आली."

ती आत निघून गेली. मी वाकून ट्यूब शोधली, शेणात पडली नव्हती हे पाहिलं, पुसली, फळीवर ठेवली. त्या संध्याकाळी मी एकटीनंच तोंड धुतलं. खरं तर माझ्या तोंडाला त्याची काही गरज नव्हती. उभं राहवत नव्हतं म्हणून भिंतीला टेकून धुतलं. पाणी संपत आलं तेव्हा शेजारी कुणीतरी तांब्या उचलला. नातीनं तोंडावर पाणी मारलं.

दिवाळीपर्यंत हनुवटीवरचे फोड बसले. कपाळ हाताला गुळगुळीत लागायला लागलं. नाकावरचे ठिपके विरळ झाले, गेले मात्र नाहीत. आणि दुपार झाली की तेल पहिल्यासारखंच हजर. मी रोज तिचं तोंड पाहायची, म्हणून मला फरक दिसायचा. ती रोज आरसा पाहायची, म्हणून तिला दिसायचा नाही.

पहिलीवरच्या पाठाचा दिवस आला. तिनं पुठ्ठ्याची चित्रं कापून ठेवली होती, नवीन ड्रेस घातला, स्कार्फ बांधला, आणि मास्क पिशवीत टाकून आंघोळीच्या बादल्या उचलायला मागे गेली. मी पिशवीजवळच बसले होते. मास्क काढून लपवून ठेवला, तर तिला उघड्या तोंडानं शिकवावंच लागलं असतं. तरुणपणी मला हा विचार सुचला असता, तर मी तो मास्क थेट चुलीत घातला असता आणि वर स्वतःची पाठही थोपटली असती. मी पिशवीत हात घातला. मास्क मळका होता, कडेला पिवळा पडलेला. तो काढून घेतला आणि दोरीवरचा धुतलेला मास्क घडी करून तिथं ठेवला. घालायचाच असेल, तर स्वच्छ तरी असू दे.

ती गेली. दारातून मी "सांभायून जाजो" एवढंच म्हटलं. बाकी जे बोलायचं ते इतक्या महिन्यांत बोलून झालं होतं आणि त्यातलं किती तिच्या कामाचं होतं, देव जाणे.

दिवसभर ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले. निवडलेलीच पुन्हा निवडली. ह्यांनी दोनदा विचारलं, "आली काय वं?" मी दोनदा चिडले. पोरगी उद्या पुन्हा म्हणाली असती की जात नाही, तर तिला परत न्हाणीत उभं करायची ताकद माझ्यात राहिली नव्हती. ते मी कुणाला सांगितलं नाही.

उन्हं कलल्यावर फाटक वाजलं. स्कार्फ तोंडाला नव्हता, गळ्यात लोंबत होता. नाक तेलानं चमकत होतं, कपाळावर खडूचा पांढरा पट्टा ओढलेला.  मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं उभ्यानंच सगळा रिकामा केला, खाली बसली, चपला काढता काढता म्हणाली,

"आजी, एका पोट्टीनं इचारलं, मॅडम, तुमच्या नाकावर तीळ सांडले काय? मी म्हटलं, हो. तं थे 'बरं' म्हणली, अन् आपलं पुस्तक उघडून बसली."