वजन तेवढंच भरलं

माझ्या सहीचा एक चुकीचा कागद चाकणच्या कुठल्यातरी फाउंड्रीत आजही खरा मानला जात असेल.

भोसरीच्या एका लहान टेस्टिंग लॅबमध्ये मी काम करते. वितळलेल्या लोखंडाचं तापमान मोजणाऱ्या तारेला जपायला तिच्यावर घालतात ती सिरॅमिकची काळी नळी तपासायला आली होती. ती भट्टीवर मोडली, तर लोखंड शेजारच्या माणसाच्या अंगावर उडतं. आमची रीत सोपी: तुकडा दीड हजार डिग्रीच्या हवेत ठेवायचा, आधी आणि नंतर वजन करायचं. फरक नाही, म्हणजे हवेनं त्याला खाल्लं नाही. फरक जवळपास नव्हताच. मी ‘योग्य’ लिहून सही केली.

चार दिवसांनी आमची भट्टी सांभाळणारे काका दारावरची वीट खरवडत होते. ‘ताई, हा चुना तुम्ही लावला का? आतनं कायतरी उडालंय.’

तपासलेला नमुना मी पुन्हा काढला. त्या तुकड्यात बोरॉन आणि झिरकोनियम. दोन्ही हवेतला ऑक्सिजन घेतात, वजन वाढतं. बोरॉनची काच होते, लेपासारखी तुकड्याला जपते. पण एवढ्या उष्णतेत तिचीच वाफ होऊन दारावर बसते, वजन घटतं. आलेलं आणि गेलेलं सारखंच भरलं होतं. तुकडा कापला. अर्धी जाडी पांढरी, भुसभुशीत. नखानं खडूसारखी निघाली.

नळ्या तपासायला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोन केला, तर तो हसला. ‘माल कधीच खपला. प्रत्येकाला तुमच्या रिपोर्टची झेरॉक्स दिलीये, मॅडम!’ चाकणच्या फाउंड्र्यांना, एवढंच म्हणाला; कुणाकुणाला, ते सांगेना. रिपोर्ट मागे घेऊ म्हटलं, तर आमचे साहेब म्हणाले, ‘लॅबची अब्रू घालवणार का?’

झेरॉक्स किती लांब जाते ते मला ठाऊक आहे. शाळेत असताना वडिलांच्या युनियनची पत्रकं मी गेटवर वाटलीत. कामगाराच्या जिवाशी खेळणाऱ्यांना त्यात नाव घेऊन झोडलेलं असायचं. हल्ली ती पत्रकं आठवली की नावाच्या जागी माझंच नाव दिसतं.

मी पत्रक छापलं: हा रिपोर्ट चुकीचा आहे, नळ्या काढा. खाली तीच सही आणि माझा फोन नंबर. पहिल्या शिफ्टला चाकणच्या एका फाउंड्रीच्या गेटवर उभी राहिले.

‘कोणती युनियन, ताई?’

‘कोणतीच नाही. भट्टीवर कोण असतं तुमच्यात?’

दोन दिवसांनी एकाचा फोन आला. ‘काढताना चिमट्यातच मोडली. बाहेर होती म्हणून वाचलो, राव.’

ती एक. बाकीच्या कुठे आहेत, व्यापारी अजून सांगत नाही. पत्रकं उरली आहेत. उद्या पुढचं गेट.